कळा सुरू होण्याआधी : सातपुड्यातील बाळंतपणाची तयारी



ज्या ज्या मंडळीत आमच्या कामाची माहिती द्यायला जाते, तेथे एक प्रश्न हमखास येतो. सरकारी दवाखाने आहेत, १०२ आणि १०८ क्रमांकाच्या गाड्या आहेत, बाळंतपण मोफत आहे, मग डोंगरातल्या काही बाया अजूनही घरीच का बाळंत होतात? प्रश्न कळकळीचा असतो. उपासनेनंतर चहाच्या वेळी दोन वाक्यांत त्याचे उत्तर देता येत नाही, म्हणून या अंकात ते सविस्तर लिहीत आहे.

मी परिचारिका आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या पाड्यांवर गरोदर बायांना भेटणे हे माझे काम. येथे पावरा आणि भिल्ल समाज राहतो. एका गावाचे कित्येक पाडे, आणि एका पाड्यातली घरे डोंगराच्या उतारावर दूर दूर विखुरलेली. सरदार सरोवराच्या पाण्याला लागून मणिबेलीसारखी गावे आहेत. त्या बाजूला दवाखानासुद्धा बोटीतून फिरतो.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातली ९४.७ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात. २०१८-२० या काळात राज्यात दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातांचा मृत्यू झाला, देशात ९७. महाराष्ट्राची ही प्रगती मोठी आहे आणि तिच्याबद्दल देवाचे आभार मानले पाहिजेत. पण सरासरीत पुणेही येते आणि पाडाही येतो. जी थोडी बाळंतपणे घरी होतात, ती बहुतेक अशाच जागी होतात जिथे काही बिघडले तर मदत सगळ्यांत दूर असते.

आमच्या अनुभवाचे सार एवढेच, की दवाखान्यात जायचे हे कळा सुरू झाल्यावर ठरवता येत नाही. ते आधीच ठरलेले असावे लागते. आणि ते ठरण्यासाठी बाईच्या मनातली भीती आधी ऐकून घ्यावी लागते. मनाची तयारी आणि सामानाची तयारी ही आम्हाला दोन वेगळी कामे वाटत नाहीत.

वेळ कुठे जातो?

१९९४ साली सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन अभ्यासक स्त्रियांनी माता का दगावतात याची मांडणी केली. ती आजही जगभर शिकवली जाते. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे विलंब तीन ठिकाणी होतो. पहिला घरात, म्हणजे न्यायचे की नाही हे ठरवण्यात. दुसरा वाटेत. आणि तिसरा दवाखान्यात पोचल्यावर उपचार मिळण्यात.

आपल्यापैकी बहुतेकांना दुसरा विलंब लगेच कळतो. रस्ता नाही, गाडी खाली फाट्यावर थांबते, तिथपर्यंत बांबूला झोळी बांधून बाईला चार जण खांद्यावर आणतात. पवित्र शास्त्रातली राहेल एफ्राथच्या वाटेवर असतानाच अडली आणि बाळ जन्मले तरी ती वाचली नाही. ही गोष्ट मी पाड्यावरच्या विश्वासी भगिनींना वाचून दाखवते तेव्हा त्यांना समजावून सांगण्याची गरज पडत नाही. ती वाट त्यांच्या ओळखीची आहे.

पहिला विलंब मात्र डोळ्यांना दिसत नाही. डॉ. आयडा स्कडर यांची हकिकत आपल्या मंडळ्यांतून अनेकदा सांगितली जाते. तमिळनाडूतील तिंडीवनम येथे एकाच रात्री तीन पुरुष आपापल्या अडलेल्या बायकांसाठी मदत मागायला आले. आयडाचे वडील डॉक्टर होते, पण परपुरुषाने बायकोला तपासावे हे तिघांनाही मान्य झाले नाही. सकाळपर्यंत तिन्ही स्त्रिया गेल्या होत्या. पुढे आयडा स्वतः डॉक्टर होऊन परतल्या आणि वेल्लोरचे मोठे कार्य उभे राहिले. त्या रात्री डॉक्टर होता, औषधेही होती. तरी त्या घरांना जो निर्णय हवा होता तो त्या रात्रीत होण्यासारखा नव्हता. सातपुड्यात आजही आमची सगळ्यांत मोठी लढाई याच पहिल्या विलंबाशी आहे.

बायांना कशाची भीती वाटते?

पाड्यावर गेल्यावर मी आधी रक्तदाब बघत नाही. आधी ओट्यावर बसते आणि विचारते, “दवाखान्याचं नाव काढलं की तुला कसं वाटतं?” उत्तरे थोड्याफार फरकाने तीच असतात.

पोट फाडतील, ही पहिली भीती. अनोळखी माणसांसमोर कपडे काढावे लागतील, ही दुसरी. तिसरी भाषेची. ती पावरी बोलते, समोरची नर्स मराठी बोलते, आणि कळा आल्या असताना परक्या भाषेतला रागाचा सूर तेवढा नीट कळतो. चौथी भीती एकटे पडण्याची. घरी सासू, जाऊ, दाई सगळ्या जवळ असतात. घरी ती उकिडवी बसून, दोरीला किंवा कुणाच्या खांद्याला धरून कळा देते. दवाखान्यात उंच टेबलावर उताणे झोपायला सांगतील हे तिने ऐकलेले असते. घरी वार अंगणाजवळ पुरण्याची रीत असते, तेथे तिचे काय करतील हेही तिला ठाऊक नसते. शिवाय मागे राहिलेली दोन पोरे आणि चार शेळ्या कोण बघणार?

यातली एकही भीती वेडगळ नाही. एका दवाखान्यात ओरडून गप्प केलेल्या बाईने पाड्यावर परत येऊन ते दहा जणींना सांगितले, तर त्या दहाजणी पुढच्या वेळी जात नाहीत. म्हणून आम्ही “भिऊ नकोस” एवढ्यावर थांबत नाही. प्रत्येक भीतीला हाताशी येईल असे काहीतरी उत्तर शोधतो.

सातव्या-आठव्या महिन्यात तपासणीला नेतो तेव्हा आम्ही तिला बाळंतपणाची खोली दाखवतो. टेबल दाखवतो, नर्सबाईंशी नावाने ओळख करून देतो. सिझेरियन कशासाठी करतात आणि बहुतेक जणींना त्याची गरज का पडत नाही, हे सांगतो. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची तपासणी असते, तो दिवस यासाठी सोयीचा पडतो. एकदा पाहिलेली जागा रात्री तितकी परकी वाटत नाही.

एकटे पडण्याच्या भीतीवरही उत्तर आहे. २०१६ साली केंद्र सरकारने सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी बाईसोबत तिच्या पसंतीची एक स्त्री राहू देण्याच्या सूचना दिल्या. त्या सोबतिणीने शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेले असावे, तिला संसर्गाचा आजार नसावा, तिचे कपडे स्वच्छ असावेत आणि तिने उपचारात ढवळाढवळ करू नये, अशा अटी आहेत. सतत कोणी धीर देणारे जवळ असेल तर बाळंतपण थोडे लवकर होते आणि नैसर्गिकरीत्या होण्याची शक्यता वाढते, असे अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसले आहे. म्हणून सोबतीण कोण हे आम्ही आधीच ठरवायला लावतो. पुष्कळदा बाई पाड्यावरच्या दाईचे नाव घेते. आम्हाला त्याचा आनंदच होतो. जिच्या हातून पाड्यातली अर्धी मुले जन्मली, ती दाई दवाखान्यात शेजारी उभी राहिली की बाईचा जीव भांड्यात पडतो, आणि दाईचा मानही राहतो.

शरीरात काय होते, हे सांगितलेच पाहिजे

पहिलटकरणीला बहुधा कुणी काही सांगितलेले नसते. “वेळ आली की कळेल” असे म्हणून मोठ्या बाया विषय बदलतात. आम्ही मात्र सांगतो, तेही तिच्या रोजच्या जगण्यातल्या खुणांनी.

खोट्या कळा अनियमित असतात. थोडे चालले किंवा विश्रांती घेतली की थांबतात. खऱ्या कळा पाठीतून पोटाकडे येतात, ठरावीक वेळाने येतात, हळूहळू जवळ जवळ आणि जोरात येऊ लागतात. रक्ताचा अंश असलेला चिकट स्राव दिसू शकतो. पाणमोट फुटून पाणी जाऊ शकते. पाणी गेले तर कळा नसल्या तरी निघायचे.

गर्भपिशवीचे तोंड १० सेंटिमीटर, म्हणजे साधारण मोठ्या वाटीच्या तोंडाइतके उघडावे लागते. त्याला वेळ लागतो. तोंड निम्मे उघडून कळा जोमाने येऊ लागल्या, की तिथून पुढचा टप्पा पहिलटकरणीला साधारण १२ तासांपर्यंत आणि आधी बाळंत झालेलीला १० तासांपर्यंत चालू शकतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याआधीचा संथ काळ निराळाच, तो कधी कधी खूप लांबतो.

मी त्यांना घाट चढण्याचे उदाहरण देते. डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन घाट चढताना आपण एका दमात चढत नाही. चढण येते, मग थोडी सपाट जागा येते, तिथे दम घेतो. कळ ही चढण आहे. ती साधारण मिनिटभराची असते. मधली वेळ ही सपाट जागा. कळ आली की तोंडाने लांब, सावकाश श्वास सोडायचा. कळ गेली की अंग सैल सोडायचे, पाण्याचा घोट घ्यायचा, पेज घ्यायची. सुरुवातीच्या काळात चालणे, उकिडवे बसणे, सोबतिणीच्या खांद्यावर रेलणे चांगले असते. त्याने वेळही थोडा कमी लागतो. गर्भपिशवीचे तोंड पूर्ण उघडल्याचे सांगेपर्यंत जोर करायचा नाही. आम्ही हे ओट्यावर बसून करून बघतो. बाया आधी हसतात, मग सासूबाईसुद्धा श्वास सोडून दाखवतात.

दोन गोष्टी निक्षून सांगतो. कळा वाढवण्यासाठी गावात फिरणाऱ्या डॉक्टरकडून इंजेक्शन घ्यायचे नाही. त्याने गर्भपिशवी फाटू शकते आणि बाळ गुदमरू शकते. आणि बाळ लवकर यावे म्हणून कुणालाही पोटावर दाब देऊ द्यायचा नाही.

सातव्या महिन्यातले सात प्रश्न

सातव्या महिन्यात आम्ही सगळ्या घराला एकत्र बसवतो. नवरा, सासू-सासरे, जमल्यास दाई आणि गावची आशाताई. मग हे सात प्रश्न विचारतो. उत्तरे माता-बाल संरक्षण कार्डासोबत ठेवलेल्या कागदावर लिहितो.

१. बाळंतपण कुठे करायचे? तो दवाखाना रात्री चालू असतो का?

२. कसे जायचे? गाडी कुठपर्यंत येते? तिथपर्यंत झोळी उचलणारे चार जण कोण? दिवाळीनंतर अर्धा पाडा गुजरातेत ऊसतोडीला जातो. त्या काळात ही चार नावे पुन्हा विचारावी लागतात.

३. फोन कुठून लागतो? घरात रेंज नसेल तर कुठल्या टेकडीवर जायचे, आणि रात्री तिथे कोण जाईल?

४. सोबतीण कोण?

५. घरची मुले आणि जनावरे कोण सांभाळील?

६. रक्त लागले तर कोण देईल? पावरा आणि भिल्ल समाजात सिकलसेल आजाराचे प्रमाण जास्त आहे. म्हणून नवरा-बायको दोघांचीही तपासणी झाली आहे का?

७. नवरा घरी नसेल तर “निघा” हे कोण म्हणेल?

सातवा प्रश्न आला की घर गप्प होते. पण सगळ्यांत जास्त उपयोग त्याचाच होतो. एका पाड्यावर आम्ही हा प्रश्न विचारला तेव्हा नवरा बराच वेळ जमिनीकडे बघत राहिला. मग आईकडे वळून म्हणाला, “मी नसलो तर माझी वाट बघू नकोस. तूच ने.” दीड महिन्याने तो ऊसतोडीवर असताना त्याच्या बायकोचे पाणी गेले. तिसरे बाळंतपण होते. आधीची दोन घरी सुखरूप झालेली, त्यामुळे शेजारच्यांचे म्हणणे पडले, की मुलाला विचारल्याशिवाय कशाला नेता. फोन लागत नव्हता. सासूने कागद काढून शेजारच्यांपुढे धरला. तिला वाचता येत नव्हते, पण त्यावर काय लिहिले आहे ते तिला माहीत होते. चार माणसे आली, झोळी निघाली. बाळ ठीक जन्मले, पण नंतर बाईला रक्तस्राव सुरू झाला. तो दवाखान्यात औषध देऊन थांबवता आला. घरी असती तर कदाचित उजाडलेले बघायला ती नसती. बाळंतपणानंतर मोठा रक्तस्राव झाला आणि उपचार मिळाला नाही, तर दोन तासांच्या आतही जीव जाऊ शकतो. तेवढ्या वेळात आमच्या बऱ्याच पाड्यांवरून फाट्यापर्यंतही पोचता येत नाही.

वाटेचा प्रश्न मुळातूनच सोडवायचा तर बाईने दिवस भरण्याआधीच खाली यावे, हे उत्तम. त्यासाठी आदिवासी भागातल्या काही आरोग्य केंद्रांत सरकारने ‘माहेरघर’ सुरू केले आहे. तारखेच्या काही दिवस आधी बाई तेथे येऊन राहते. सोबत एक नातेवाईक आणि लहान मूल राहू शकते, जेवणही मिळते. नाव किती समर्पक आहे! मरीया डोंगराळ प्रदेशात अलीशिबेच्या घरी जाऊन सुमारे तीन महिने राहिली, हे आपण लूकच्या शुभवर्तमानात वाचतो. एक वयस्क गरोदर स्त्री, एक तरुण गरोदर मुलगी, आणि दोघींना एकमेकींचा आधार. माहेरघराविषयी सांगताना मला तेच घर आठवते.

गाठोडे आणि अंगातले रक्त

आठव्या महिन्यात गाठोडे बांधून दाराजवळ टांगून ठेवायला सांगतो. त्यात धुऊन उन्हात वाळवलेली मऊ सुती फडकी, बाळासाठी टोपडे, झबली आणि दुपटी, आईसाठी जास्तीचे कपडे आणि पॅड, माता-बाल संरक्षण कार्ड, आधार कार्ड, बँकेचे पासबुक, बॅटरी, थोडे पैसे आणि कोरडा खाऊ. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईने हे कार्ड सोबत न्यावे, असे बजावतो. सरकारी दवाखान्यातली मोफत सेवा गुजरातेतही मिळते, पण आधीच्या तपासण्यांची माहिती कार्डावरच असते. होळीला बहुतेक कुटुंबे परततात. काठीच्या राजवाडी होळीचा ओढाच तसा आहे. म्हणून होळीच्या आठवड्यात आमच्या ताई घरोघर फिरून नव्या गरोदर बायांची नावे लिहून घेतात.

खरी तयारी मात्र अंगातल्या रक्ताची. भारतातल्या निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आहे. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी, ७ च्या खाली म्हणजे धोका. अशा बाईला थोडासा रक्तस्रावही झेपत नाही. गरोदरपणात लोहाच्या १८० गोळ्या घ्यायच्या असतात. “मळमळतं” म्हणून त्या फडताळात पडून राहतात. रात्री जेवल्यावर घे, चहासोबत घेऊ नको, शौचाला काळे झाले तर घाबरू नको, इतके साधे सांगितले तरी पुष्कळ जणी पुन्हा गोळ्या सुरू करतात. अंगणवाडीत अमृत आहार योजनेखाली गरोदर बाईला रोज एक चौरस जेवण मिळते. ते तिनेच खावे, घरी नेऊन सगळ्यांत वाटू नये, हे आम्ही सासूला सांगतो.

या खुणा दिसल्या तर थांबायचे नाही

ही यादी आम्ही चित्रांसह भिंतीवर लावतो. योनीमार्गे रक्त जाणे, जोराची डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर व हातांवर सूज, झटके, ताप, बाळाची हालचाल कमी होणे, पाणी जाणे, जोमाच्या कळा १२ तासांहून अधिक चालणे. बाळंतपणानंतर अर्ध्या तासात वार न पडणे, किंवा फडकी भिजून वाहील इतके रक्त जाणे.

आणि एवढी तयारी करूनही बाळ वाटेतच आले तर? तेही सांगून ठेवतो. हात धुवा. बाळाला कोरड्या फडक्याने पुसा आणि आईच्या उघड्या छातीवर ठेवून दोघांना झाका. नाळ ओढू नका, तिच्यावर राख, तेल, शेण काहीही लावू नका. बाळाला लगेच पाजायला घ्या, पहिला चीक टाकू नका. अंघोळ घालण्याची घाई नको, पहिला दिवस जाऊ द्या. आणि बाळ झाले म्हणून परत फिरू नका, दवाखान्यात पोचा.

बडव्याविषयी आणि दुःखाविषयी

काही विश्वासी बंधू विचारतात, की पाड्यावरच्या बडव्याला तुम्ही विरोध का करत नाही? अडलेल्या बाईच्या दारात वाद घालत बसलो तर पहिला विलंब आपणच वाढवू. आम्ही बडव्याच्याही घरी जातो आणि धोक्याच्या खुणांची तीच यादी त्यालाही देतो. “तुला जे करायचं ते कर, पण झोळी थांबवू नकोस,” एवढी विनंती करतो. आता दोन बडवे स्वतःच निरोप पाठवतात. आमच्या सेवेला अट नाही. जिला प्रार्थना हवी असते तिच्यासाठी आम्ही तिथेच प्रार्थना करतो. जिला नको असते तिच्यासाठी वाटेने परतताना करतो.

कधी कधी सगळे ठरल्याप्रमाणे होऊनही झोळी रिकामी परत येते. ज्या बाईचे पहिले बाळ गेले आहे, तिला दुसऱ्या वेळी श्वासाचे धडे देऊन भागत नाही. तिला आधी त्या पहिल्या बाळाविषयी बोलू द्यावे लागते. बहुतेक ठिकाणी त्याचे नावही घेत नाहीत. “पुढचं होईल” असे म्हणून लोक उठतात. आम्ही बसतो. बाळ सुखरूप असलेल्या आयासुद्धा पहिले काही दिवस रडवेल्या होतात. तो काळ बहुधा निघून जातो. पण दोन आठवड्यांनंतरही बाई उदास असेल, झोपत नसेल, बाळाकडे बघत नसेल, तर तो आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहे, हे आम्ही घरच्यांना समजावतो. बाळंतपणाची तयारी बाळ जन्मले म्हणजे संपत नाही, ती बाईचे मन सावरेपर्यंत चालते.

आपण काय करू शकता?

निर्गमच्या पुस्तकात दोन इब्री सुइणींची नावे, शिप्रा आणि पुवा, जपून ठेवली आहेत. ज्या फारोला त्या भ्याल्या नाहीत, त्याचे नाव मात्र तेथे दिलेले नाही. बाळंतिणीच्या उशाशी बसणाऱ्या बायांची देवाला केवढी किंमत आहे, हे यावरून कळते. आपल्यापैकी प्रत्येकाला पाड्यावर येता येणार नाही, पण त्या उशाशी आपलाही हातभार लागू शकतो.

भगिनी मंडळांना माझी विनंती आहे, की बाळंतविडे शिवा. मऊ सुती कापडाची दोन झबली, दोन दुपटी, एक टोपडे आणि चार लंगोट एवढा एक विडा. सातपुड्यात थंडी कडक असते, म्हणून जुन्या धुतलेल्या लुगड्यांची छोटी गोधडी घातली तर फारच उत्तम. नवीन, चकचकीत, नायलॉनचे कपडे पाठवू नका. ते बाळाच्या अंगाला टोचतात. आपल्या देणगीतून रात्रीच्या गाडीचे भाडे, सोबतिणीचे बुडालेले रोज आणि आमच्या ताईंचे प्रशिक्षण हा खर्च निघतो. आणि तरुण संघांनो, रक्तदान करा. तुमच्या शहरातल्या रक्तपेढीत दिलेली पिशवीही कुठल्या तरी बाळंतिणीपर्यंत पोचते.

आपल्या घरातही कुणी गरोदर असेल, तर ते सात प्रश्न तिथेही विचारून पाहा. शहरात वाट छोटी असली तरी सोबतीण कोण, रक्त कोण देईल आणि तिच्या मनात कसली भीती आहे, हे पुष्कळ घरांत विचारायचे राहून जाते.

प्रार्थनेचे विषय :

• या पावसाळ्यात ज्यांचे दिवस भरतील, त्या भगिनींसाठी. ओढ्यांना पूर येण्याआधी त्या खाली येऊन राहाव्यात.

• पाड्यांवरच्या दाई, आशाताई आणि सरकारी दवाखान्यांतल्या परिचारिकांसाठी. रात्रीच्या पाळीतही त्यांच्या तोंडी गोड शब्द राहावेत.

• ज्या घरांत पाळणा रिकामा राहिला, त्यांच्या सांत्वनासाठी.

• ज्यांच्या हाती निर्णय आहे त्या नवऱ्यांसाठी आणि सासवांसाठी. “निघा” हा शब्द त्यांनी वेळेवर उच्चारावा.



प्रभूच्या सेवेत,
सातपुड्यातील आपली एक परिचारिका भगिनी